दोन फेऱ्या, वर चौतीस

“दोनशे सोळा ग्रॅम वाढ! शाब्बास गं ठमे,” सिस्टर म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यात कुठेतरी एक खुर्ची करकरत सरकली. ठमी वजनकाट्याच्या खोलगट निळ्या ताटात उघडीवाघडी बसली होती आणि सिस्टरांच्या खिशातलं पेन तिला हवं होतं. ती दहा महिन्यांची आहे आणि जगातल्या सगळ्या पेनांवर आपला हक्क आहे असं तिचं मत आहे. मी हसले. मुलीचं वजन वाढलं म्हटल्यावर आईने हसायचं असतं, तेवढं मला आता येतं. पण हसता हसता माझा हात तिच्या मांडीवर होता, आणि त्या मांडीवरची तिसरी वळी, जी महिन्यापूर्वी आंघोळीच्या वेळी बोट घालून पुसावी लागायची, ती जाग्यावर नव्हती. या महिन्यात तिला दोन दात आले, चार दिवस पोट बिघडलं, आणि ती रांगायला लागली. नुसती नाही, पाठीमागे कोणी लागल्यासारखी रांगते, स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारातून पुन्हा स्वयंपाकघरात, मध्येच थांबून कोण बघतंय ते बघते आणि पुन्हा सुटते. तिची चड्डी काल दोनदा गुडघ्यापर्यंत आली होती. दोनशे सोळा ग्रॅम वाढले असतील तर ते ठेवले कुठे हिने? सिस्टरांनी कार्डावर आकडे लिहिले आणि कार्ड माझ्याकडे दिलं. मागच्या महिन्यात आठ हजार दोनशे चाळीस. आज आठ हजार दोनशे. एकाखाली एक, सिस्टरांच्या गोल गोल अक्षरात. शेजारी: वाढ, २१६.

कोणीही सांगेल की हे चाळीस कमी झालेत. पण कोणी सांगितलं नव्हतं, कारण कार्ड यंत्राला लावलं की वाढीचा आकडा स्क्रीनवर येतो आणि यंत्राने वजाबाकी केली म्हटल्यावर माणूस ती पुन्हा कशाला करेल? मी बाकावर बसून ठमीच्या पायात मोजा चढवत होते, ती तो काढत होती, आणि मला दोनशे सोळा सोडत नव्हता. तो आकडा माझ्या ओळखीचा नव्हता, पण त्याचं घराणं ओळखीचं होतं. दोनशे छप्पन्नमधून चाळीस गेले की दोनशे सोळा उरतात. आमच्या धंद्यात दोनशे छप्पन्न हा आकडा असा आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतो. एका बाइटमध्ये शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. बाइट म्हणजे यंत्राचा सगळ्यात लहान खण. त्याच्या पुढचं आलं तर खण ओरडत नाही, फुटत नाही, तो घड्याळासारखा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. आणि शून्याच्या मागे जायला सांगितलं, तर चाळीस पावलं उलटी जाऊन निमूटपणे दोनशे सोळावर उभा राहतो. घट अशी गोष्टच त्याला ठाऊक नसते. चेहरा मात्र असा की जणू सगळं ठीक आहे.

आणि हे सगळं मला इतकं नेमकं कळत होतं, कारण तो खण मी निवडला होता. या काट्याच्या आतलं सगळं आमच्या ऑफिसात लिहिलं गेलं, आणि वजाबाकीची ओळ माझी. तेव्हा मला सातवा महिना चालू होता. पोट आणि टेबल यांचं भांडण असायचं, म्हणून मी कीबोर्ड मांडीवर घेऊन तिरकी बसायचे आणि ठमी आतून लाथ मारून मधूनमधून स्पेस द्यायची. काट्याकडून स्क्रीनकडे जो निरोप जातो त्यात एकच बाइट शिल्लक होता, आणि मला निरोप लांबवायचा कंटाळा आला होता. बाळं दर आठवड्याला येतात, आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढतात, असं मी वाचलं होतं. मावतंय की! माझ्या शेजारी आमचा तपासनीस बसतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं मोडून बघणं हे त्याचं काम, आणि प्रत्येक वाक्य तो ‘किंतु’ने सुरू करतो म्हणून त्याचं नावच किंतु पडलंय. तो तेव्हा म्हणाला होता, “किंतु एखादं बाळ तीन आठवडे आलंच नाही तर?” मी म्हणाले होते, “का नाही येणार? दर आठवड्याला यायचं असतं.” किती खात्रीने! अजून मूल झालं नव्हतं ना. कम्पायलरनेही कुरकुर केली होती. आमचं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत करून देणारा हा प्रोग्राम फार सज्जन असतो, मोठ्या खणातलं लहान खणात ओतायला लागलं की तो म्हणतो, बाई, काहीतरी सांडेल. त्याला गप्प करायची एक रीत आहे. ओतायच्या आधी कंसात त्या लहान प्रकाराचं नाव लिहायचं. त्याचा अर्थ एवढाच की मला माहीत आहे मी काय करते आहे, तू नको सांगूस. मी कंस लिहिला. कुरकुर थांबली. ठमीने लाथ मारली, आणि मला वाटलं, बघा, हिलाही पटलं.

“अकराच?” कोणीतरी म्हणालं. मी वर बघितलं. काट्याजवळ निळ्या शर्टातली एक मुलगी उभी होती. आईच ती, पण मला मुलगीच वाटली. केस एका बाजूने विंचरलेले आणि दुसऱ्या बाजूने विसरलेले. ताटात दीड महिन्याचं बाळ मुठी आवळून, सगळ्या दवाखान्यावर खटला भरल्यासारखं रडत होतं. “दोन आठवड्यांत अकराच ग्रॅम?”

“अहो आई, मध्ये एक खेप चुकवलीत ना तुम्ही,” सिस्टर म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं, इतक्या हळू बोलल्या. “पाजता ना नीट? दर दोन तासांनी? दूध पुरतंय असं वाटतं का?”

“वाटतं… म्हणजे, मला काय कळतंय.”

मला काय कळतंय. हे वाक्य मी याच बाकावर, याच जागी म्हटलं होतं, तेव्हा बाकाचं रेक्झिन अजून फाटलेलं नव्हतं. ठमी दीड महिन्याची होती. टाके दुखत होते आणि मला ताप येऊन गेला होता, म्हणून दोन खेपा चुकल्या आणि मी तीन आठवड्यांनी आले. चाचणीसाठी आमचा एकच काटा तेव्हा या दवाखान्यात ठेवला होता. तो बघून मला इतका आनंद झाला की मी सिस्टरांना सांगणार होते, हा माझाय बरं का. सांगायला तोंड उघडलं आणि सिस्टर म्हणाल्या, चौतीस. तीन आठवड्यांत चौतीस ग्रॅम. डॉक्टर रजेवर होते. सिस्टर म्हणाल्या, वरचं दूध सुरू करावं लागेल बहुतेक. मी घरी आले ती वाटेत दुकानातून पावडरचा डबा घेऊनच. सासूबाईंनी दारातच ठमीला माझ्या हातातून घेतलं, दोन्ही हातांत जरा वरखाली केलं आणि म्हणाल्या, “मला नाही गं वाटत. चांगली भरलीय ही. हात बघ, मनगटाला दोरा बांधल्यासारखा दिसतोय.” आणि मी काय म्हणाले? “आई, मशीन खोटं बोलत नाही. मीच केलंय ते.” त्यांनी पाणी उकळायला ठेवलं, बाटली धुतली, झाकण फिरवताना फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. ती पहिली बाटली ठमीने घटाघटा प्यायली तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते. शर्ट दोन्हीकडून भिजलेला होता, दुधाने, आणि मला वाटत होतं, हे इतकं वाहतंय ते नुसतं पाणी असणार, हिच्या अंगी लागण्यासारखं यात काही नसणार. पुढच्या आठवड्यात काट्याची स्क्रीन फुटली आणि तो आमच्याकडे परत आला; दुरुस्त होऊन दवाखान्यात पुन्हा गेला तो गेल्याच महिन्यात. जुन्या काट्यावर ठमी छान वाढलेली निघाली. सगळं श्रेय डब्याला मिळालं. आमच्या घरी तो डबा अजून ओट्यावरच्या फळीत आहे. आता त्यात कपड्यांचे चिमटे असतात, आणि चिमटा काढायला हात घातला की दर वेळी, अगदी दर वेळी, मनात ‘चौतीस’ असं येतं. कोणी विचारलं तर मी सांगते, माझं दूध कमी होतं. सहज सांगते, उंची सांगावी तसं.

कार्डाची पुढची बाजू जन्मापासून पहिल्या महिन्यापर्यंत, पाठीमागची त्यापुढची. दीड महिन्याच्या बाळाचं आजचं वजन पाठीमागे लिहिलं जातं आणि मागचं वजन पुढच्या बाजूला राहतं. एवढंच. फक्त उलटायचं. मी ठमीचं कार्ड उलटलं. माझा अंगठा घामाने चिकटत होता, ठमी दुसरा मोजा खात होती. पुढची बाजू, शेवटची ओळ: तीन हजार चारशे वीस. पाठीमागची पहिली ओळ: तीन हजार नऊशे सहासष्ट. मी वजाबाकी केली. मग बोटांवर केली. पाचशे सेहेचाळीस. दोनशे छप्पन्न दुणे पाचशे बारा, वर चौतीस. काटा घड्याळाच्या दोन पूर्ण फेऱ्या मारून चौतीसवर येऊन थांबला होता, आणि त्या फेऱ्या मोजायला मी जागाच ठेवली नव्हती. पाचशे सेहेचाळीस ग्रॅम, तीन आठवड्यांत, त्यातला थेंबन् थेंब माझा. मला एकदम एवढं हसू आलं की शेजारची बाई तिचं बाळ घेऊन थोडी सरकली.

“सिस्टर,” मी म्हणाले, “कार्ड उलटा.”

“काय?”

“यांचं. या ताईंचं. उलटून मागचं वजन बघा ना.”

सिस्टरांपुढे गोळ्यांची, लशींची, आयांची रांग लागली होती. त्यांनी माझ्याकडे, हे काय नवीन, असं बघितलं. निळ्या शर्टातल्या मुलीने कार्ड छातीशी धरलं होतं. इथे एक क्षण असा होता की मी गप्प बसू शकले असते. ऑफिसात जाऊन गुपचूप ती ओळ नीट केली असती तर कोणाला कळलं नसतं. आमच्या साहेब, मोठ्या बाई, त्यांनाही नाही, किंतुलाही नाही. सोमवारी साठ दवाखान्यांत साठ काटे जाणार होते, आज गुरुवार. वेळ होता. फक्त ही मुलगी आज घरी जाताना एक डबा घेऊन गेली असती, आणि तिच्या फळीत तो राहिला असता.

“यंत्र चुकतंय,” मी म्हणाले. “मला माहीत आहे, कारण ते मी केलंय. म्हणजे चूक मी केलीय. द्या कार्ड.”

मुलीने कार्ड दिलं. तीन हजार नऊशे पाच, आणि पाठीमागे चार हजार एकशे बाहत्तर. मी मोठ्याने वजाबाकी केली, शाळेत फळ्यासमोर करतात तशी, हातचे घेत. “दोनशे सदुसष्ट. अकरा नाही. दोन आठवड्यांत दोनशे सदुसष्ट.”

सिस्टरांनी पेन काढलं, स्वतः कार्डाच्या कडेला मांडून बघितलं, ओठ हलवत. मग चष्मा कपाळावर नेला. “अगं बाई! आणि मी महिनाभर हे वाचून दाखवतेय.”

“दर आठवड्याला येणाऱ्यांचं बरोबरच असेल,” मी म्हणाले. “ज्यांची खेप चुकली त्यांचंच…” ज्यांना आधीच वाटत होतं आपलं काहीतरी चुकतंय, नेमक्या त्याच आयांना माझ्या ओळीने गाठलं होतं.

“मग माझं दूध…” मुलगी म्हणाली.

“भरपूर आहे.”

“नक्की?”

“अहो, ऐका की त्याचा आवाज,” सिस्टर म्हणाल्या, “हे काय उपाशी माणसाचं ओरडणं आहे?” आणि ती मुलगी रडायला आणि हसायला एकदम लागली, तिच्या विसरलेल्या बाजूचे केस तोंडात गेले. बाळाने तेवढ्यात काट्याच्या ताटात शू केली. माझ्या मते त्याचा तो हक्क होता. शू काठावरून खाली गेली, काटा बारा ग्रॅमने उतरला आणि सिस्टर म्हणाल्या, “बघा, आता हे किती सांगतंय देव जाणे.” रांगेतल्या सगळ्या आया आपापली कार्डं उलटायला लागल्या होत्या. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, ते बोटांवर मोजत होते. सिस्टरांनी कपाटातून महिन्याची वही काढली आणि माझ्यापुढे आपटली. “मशीनवाल्या बाई, बसा इथे. मी नावं वाचते, तुम्ही वजाबाकी करा. ज्यांचं चुकलंय त्यांना आज फोन जातील.” आम्ही पाऊण तास बसलो. तेवीस जणी निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी महिन्याने येणाऱ्या मोठ्या बाळांच्या आया होत्या, त्यांनी आकडा ऐकून सोडूनही दिला असेल. पाच जणी अगदी तान्ह्यांच्या. ठमी त्या वेळात तीन मांड्यांवर बसून आली आणि अखेर सिस्टरांचं पेन मिळवलं.

दवाखान्याच्या पायरीवरून मी ऑफिसात फोन लावला. “किंतु, तू बरोबर होतास.”

पलीकडून तो म्हणाला, “परत म्हण. स्पीकरवर लावतो.”

“लाव. बाळ तीन आठवड्यांनी आलं. आणि एक बारीक होऊन आलं. वाढ एका बाइटमध्ये कोंबलीय मी, वजासुद्धा मावत नाही त्यात. कंस टाकून.”

“किंतु तो कंस मी तुला…”

“विचारला होतास. मी म्हणाले होते, मला माहीत आहे.”

तो यावर हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “कोणाचं बाळ बारीक झालं?”

“माझंच. बरी आहे. चोरीचं पेन चघळतेय.”

दुपारी मी ठमीला घेऊनच ऑफिसात गेले. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, चौतीस सोडून. तो आकडा अजून माझा एकटीचा होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “सोमवारपर्यंत होईल?” होणारच होतं. निरोप एका बाइटने लांबवला, अधिक-उणे दोन्ही मावेल असा खण घेतला, बत्तीस हजार ग्रॅमपर्यंतचा. ठमी किंतुच्या खुर्चीत उभी राहून त्याची कॉलर ओढत होती. तो म्हणाला, “किंतु याहून मोठा आकडा आला तर?”

“बत्तीस किलो? ते बाळ नाही रे, ते तू.”

“किंतु सिस्टरांनी चुकून दुसऱ्याचं कार्ड लावलं तर? काट्यावर कोणी पिशवी ठेवली तर?”

मी आधी वैतागले, मग खुर्ची त्याच्याकडे वळवली. हाच प्रश्न आहे ना. खण केवढाही घेतला तरी दारात कोणीतरी उभं राहून विचारलं पाहिजे, मावतोस का? मावत असेल तर ये. नसेल तर कापून आत ढकलायचं नाही, परत पाठवायचं. आम्ही ते दार लिहिलं. कंस कुठेच नाही, आधी विचारणं, मग ओतणं. आणि परत पाठवलं तर स्क्रीनवर काय दाखवायचं, यावर मोठ्या बाई अडल्या. “‘सांगता येत नाही, कार्ड पाहा’? यंत्राने असं म्हणायचं? लोक काय म्हणतील?”

“काही म्हणणार नाहीत,” मी म्हणाले. “कार्ड उलटतील.” त्यांनी ठमीकडे बघितलं, ठमीने त्यांच्याकडे पेन पुढे केलं, दिलं मात्र नाही. “ठेव,” मोठ्या बाई म्हणाल्या. पेन की ओळ ते कळलं नाही, मी दोन्ही ठेवलं.

घरी पोचले तेव्हा खिडकीतून उन्हाचा शेवटचा पट्टा ओट्यावर पडला होता. सासूबाईंनी दार उघडलं, ठमीला घेतलं, आणि चपला काढायच्या आत मी बघितलं की त्यांनी तिला दोन्ही हातांत जरा वरखाली केलं. “उतरलीय गं थोडी,” त्या म्हणाल्या. “पळतेय किती दिवसभर. भरेल परत.” मी दारातच उभी राहिले. चाळीस ग्रॅम. या बाईच्या हातात अधिक-उणे दोन्ही मावत होतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

“आई,” मी म्हणाले, “ही दीड महिन्याची होती, मी डबा घेऊन आले त्या दिवशी. उचलल्यावर काय वाटलं होतं तुम्हाला?”

“जड,” त्या लगेच म्हणाल्या, जणू आठ महिने कोणी विचारेल याची वाट बघत होत्या. “तीन आठवड्यांत हात भरून यायला लागला होता. बोलले होते मी.”

मी कार्ड काढून दाखवलं, दोन्ही बाजू. त्यांनी चष्मा शोधला, तो ठमीच्या हातात होता. मी पाचशे सेहेचाळीस वाचून दाखवलं. मी वाट बघत होते, ‘मग मी काय म्हणत होते’ असं येईल, आणि आलं असतं तर मला चाललं असतं. त्या फळीपाशी गेल्या, डबा खाली घेतला, चिमटे एका टोपलीत ओतले आणि म्हणाल्या, “गंजलाय नाही तरी.” मग पाठमोऱ्याच, “तुला भूक नाही लागली? हिला तरी घे आधी, कधीची शर्ट ओढतेय तुझा.”

मी पलंगाच्या कडेला बसले आणि ठमीला घेतलं. आता ती एवढी मोठी झालीय की तिचे पाय माझ्या बाजूने बाहेर लोंबतात आणि ती एका पायाने भिंतीवर ताल धरते. संध्याकाळी एकदा अजून पिते, सवयीने, लाडाने. मला वाटायचं, नुसतीच चोखते, पोटात काय जात असेल. आज मी ऐकलं. घुट् घुट्, आणि मध्ये श्वास. गेले आठ महिने हा आवाज असाच येत असणार आणि मी तो कधी ऐकलाच नसणार. तिचे डोळे माझ्यावर होते, एका हातात सिस्टरांचं पेन. मी मनात मोजायला लागले, एक, दोन, तीन, पुढे दोनशे छप्पन्नच्या पलीकडे जायचं, अशी एक खुळी इच्छा झाली. सत्तेचाळीसपर्यंत पोचले असेन, तेवढ्यात तिने नवे दोन्ही दात लावले.

“अगं बाई गं!” मी ओरडले. ती सुटली, मान मागे टाकून हसली, तोंडभर दूध, हनुवटीवरून ओघळून माझ्या शर्टावर. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “सांडतंय.”